नागम्माची माणसं

भोरहून भाटघरकडं निघालं आणि गाव मागं पडलं, की उजव्या हाताला मिशनचं एक लांबट कौलारू घर लागायचं. पुढं ऐसपैस ओसरी, मागं विहीर, कडेला दोन लिंब. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं त्याला ‘मिशनची वसरी’ म्हणत. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्यानं तिथं यावं, हवं तितकं राहावं, अंगात ताकद असेल तर लाकडं फोडावीत, पाणी ओढावं. दिवेलागणीला कंदील लावून आनंदराव उपदेशक अक्षरं शिकवायचे. शिकायला येणाऱ्यांत मिशनची माणसं थोडी, बाहेरचीच जास्त. तिथलं शिजवलेलं खायला जे कचरत त्यांना कोरडा शिधा मिळे, आणि लिंबाखाली तीन दगड मांडून ते आपलं आपण रांधत. त्यावरून कुणाला कधी बोल लागला नाही, कारण शिधा काढून देणारी रतनबाई होती.

रतनबाई ही आनंदरावांची बायको. बुटकी, सावळी, पदर सदा कमरेला खोचलेला. पोटी मूल नव्हतं. जात्यावर बसली की ओव्यांच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं म्हणायची, आणि मधेच कुणी दारात आलं तर दळण तसंच टाकून उठायची. आलेल्याला पहिल्यांदा पाणी द्यायची, मग भाकरी, आणि त्याचं खाणं उरकलं की समोर बसून विचारायची, “तुझी माणसं कुठं असतात?”

हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारे, त्याला कारण होतं. मोठ्या दुष्काळात पुण्याच्या वाटेवर माणसांचे लोंढे चालले होते, त्यांतून मिशनच्या बायकांनी तिला उचललं होतं. तेव्हा ती नुकती चालू-बोलू लागलेली पोर. नाव अनाथालयात ठेवलेलं. घाटाकडून आलेल्यांमधली असावी, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. लहानपणी तिला वाटे, आपला बाप आपल्याला शोधत आला असेल आणि फाटकावरूनच कुणी त्याला परत लावलं असेल. लग्न होऊन निघताना तिनं तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईंना धीर करून विचारलं. बाईंनी खोटं सांगितलं नाही. कुणी आलं नव्हतं. पुढं भोरच्या बाजारात घाटाकडच्या बायका नाचणी घेऊन बसत, तेव्हा रतनबाई नाचणी घ्यायच्या निमित्तानं त्यांची तोंडं निरखत राही. हे तिनं आनंदरावांनाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं.

भाटघरचं नवं धरण पुरं झालं त्या सालची गोष्ट. धरणावर मुलूखभरचे लोक राबले होते. काम सरल्यावर टोळ्या उठल्या, गाड्या भरल्या, आणि येळवंडीच्या काठची गजबजलेली वस्ती बघता बघता मोकळी झाली. मृगाच्या तोंडावर एक दिवस गेनबा धनगर मेंढरं रस्त्यावर तशीच उभी करून वसरीत आला.

“बाई, तकडं वडाराच्या मोडक्या पालात एक बाई पडलीया,” तो म्हणाला. “जिती हाय. पर तोंडावरच्या माशा हाकलंना.”

आनंदराव बैलगाडी घेऊन गेले. परतले तेव्हा गाडीत गवतावर एक उंच हाडापेराची बाई होती, कपाळावर गोंदलेलं, दातखीळ बसलेली. पालात तिच्या उशाशी पाण्याचं मडकं आणि फडक्यात बांधलेला भात होता, भाताला बुरशी धरलेली. म्हणजे टाकून जाणाऱ्यानं अगदीच निष्ठुरपणे टाकलं नव्हतं. हिवताप होता. रतनबाईनं कोयनेलची पूड पाण्यात कालवून तिच्या दातांतून घातली, आणि तिनं थुंकली की पुन्हा कालवून घातली. आठवडाभर बाई शुद्धीत येई, बडबडे, पुन्हा बुडे. तिची बडबड कुणालाच कळत नव्हती. ती निजामाच्या मुलखातून, पार तेलंगणाच्या बाजूनं आलेली होती. तिच्या टोळीतल्या पुरुषांना कामापुरतं मराठी येई, बायकांना तेवढंही नाही.

ताप उतरल्यावर तिनं छातीवर हात ठेवून नाव सांगितलं. नागम्मा.

रतनबाईनं तिला जेवू घातलं आणि समोर बसून आपला नेहमीचा प्रश्न विचारला. शब्द कळणार नाहीत म्हणून तिनं हातांनी रस्ता दाखवला, डोक्यावर ओझं घेऊन चालणारी माणसं दाखवली, पुरुषाच्या मिशा दाखवल्या. नागम्मा बराच वेळ तिच्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, “वद्दु.”

दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हाही तेच. रस्त्याकडं बोट केलं की “वद्दु”, मिशांवर बोट फिरवलं की “वद्दु, वद्दु”, आणि तोंड भिंतीकडं. रतनबाईला वाटलं, हे नवऱ्याचं नाव असणार, नाहीतर गावाचं. आनंदरावांनी डोकं खाजवलं. भीमेच्या काठी वढू म्हणून गाव आहे, तिथं टोळी गेली असेल का? त्यांनी तिकडं जाणाऱ्या एका गाडीवानाला चौकशी करायला सांगितलं. गाडीवान परत येऊन म्हणाला, तिथं एकही वडार नाही.

त्या दिवसांत वसरीवर आणखी एक शिकाऊ होती. मिशननं विलायतेहून नवी आलेली एक कोवळी मिसबाई रतनबाईकडं धाडली होती. पुण्यात पंडितांकडं तिनं पुस्तक संपवलं होतं, आता माणसांत राहून बोलायचा सराव करायचा होता. दुपारची भांडी झाली की रतनबाई ओसरीवर धान्य निवडायला बसे, तिच्या एका बाजूला मिसबाई, दुसऱ्या बाजूला नागम्मा. रतनबाई सूप उचलून म्हणे, “सूप.” दोघी म्हणत, “सूप.” मिसबाईला वाक्यं येत, पण वस्तूंची नावं अडत. नागम्माला नावं भराभर आली, वाक्य जुळत नसे. मिसबाई परातीलाही ‘आपण’ म्हणायची, नागम्मा मिसबाईला ‘सरक’ म्हणायची. दोघींना एकमेकींच्या चुका कळत आणि दोघीही हसत. तापानंतर नागम्मा पहिल्यांदा हसली ती या मिसबाईमुळं.

अंगात बळ आल्यावर नागम्मा बसून खाईना. विहिरीच्या कडेची ढासळलेली दरड तिनं एकटीनं रचून घेतली. सकाळी चूल पेटवायचं काम तिनं रतनबाईच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. चुलीला रोज पोतेरं करायची, कडेनं बोटांनी नक्षी ओढायची. गोठ्याच्या कोनाड्यात तिनं एक शेंदूर लावलेला दगड ठेवला होता. पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांच्या तो नजरेस पडला, आणि त्यांनी आनंदरावांना विचारलं. आनंदराव चाचरले. रतनबाई म्हणाली, “साहेब, आजारी म्हणून आली ती. त्या दगडाचं तिला विचारायला मला अजून शब्द नाहीत.” साहेब हसले आणि तो विषय तिथंच राहिला.

जसजशी ती रुळली तसतशी रतनबाईची घालमेल वाढत गेली. ही बाई आपल्याला हवीशी वाटू लागली आहे, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ती स्वतःवर चिडे. हिला कुणीतरी शोधत असेल. आपण हिला चुलीपुढं बसवून ठेवायची आणि तिकडं कुणी तिची वाट बघत असायचं, हे बरं नव्हे. तिनं आनंदरावांच्या मागं लकडाच लावला. भाद्रपदात ठेकेदाराचा मुकादम मानसिंग मागं राहिलेली अवजारं न्यायला धरणावर आला, तेव्हा ती स्वतः नवऱ्याबरोबर गेली. एक टोळी सोलापूरच्या अंगाला कालव्याच्या कामावर गेलीय, असं मानसिंगानं सांगितलं.

“निरोप धाडतो,” तो म्हणाला. “ज्याची असंल तो येईल.”

परतीच्या वाटेवर रतनबाईच्या जिवाला मोठी शांतता वाटली. आपल्यासाठी कुणी जे केलं नाही ते आपण हिच्यासाठी केलं, असं तिला वाटलं.

मग आश्विनातली एक दुपार. पंगत बसली होती. रतनबाई भाकरी वाढत आली, आणि मिसबाईनं ताटावर हात आडवा धरून, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ सांगितलं, “नको. मला भाकरी नको.” शेजारी नागम्मा जेवत होती. तिनं घास थांबवला. आजवर जेवताना पुरे झालं की ती नुसती मान हलवायची.

“नको,” ती हळूच म्हणाली. रतनबाईच्या हातातल्या भाकरीकडं बघून पुन्हा म्हणाली, “नको.” मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, आता जमलं अशा आनंदानं तिनं सांगितलं, “वद्दु. नको. वद्दु!”

रतनबाईनं भाकरी टोपल्यात परत ठेवली. तिनं रस्त्याकडं बोट दाखवलं आणि मिशांवर बोट फिरवलं. नागम्माच्या तोंडावरचा आनंद मावळला. “नको,” ती म्हणाली.

त्या दुपारी दोघी विहिरीवर बसल्या. नागम्माला जेवढे शब्द येत होते तेवढ्यात तिनं सांगितलं. धरण झालं, पाल मोडलं, चूल मोडली, चाला. दुसरं धरण, पुन्हा पाल, पुन्हा चूल. नवरा वाईट नाही. मारत नाही. त्यानं मुकादमाला थांब म्हटलं होतं, मुकादम थांबला नाही. मग ती उठली आणि धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं वस्ती होती त्या टेकाडाकडं तिनं हात केला. जमिनीपासून कमरेएवढी उंची दाखवली. खड्डा खणल्यासारखे हात केले.

“पोर हितं,” ती म्हणाली. “मी हितं.”

रतनबाईला आता सांगणं भाग होतं. माणूस गेलाय, तुझ्या नवऱ्याला निरोप गेलाय, आणि तो मीच धाडलाय. तिनं ते हातांनी आणि शब्दांनी सांगितलं. नागम्माला समजायला वेळ लागला, पण समजलं. तिनं पोहरा विहिरीत सोडला, पाणी काढलं आणि आत निघून गेली. त्यानंतर ती ओसरीवर शिकायला बसेना. काम सगळं करी, पण तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नसे. मिसबाईनं तिच्यापुढं सूप धरून पाहिलं, दिवा धरून पाहिला. ती मान फिरवी. रतनबाईला त्या दिवसांत जेवण गोड लागलं नाही. रात्रीच्या प्रार्थनेत ती काय मागावं हेच ठरवू शकत नव्हती. तो माणूस येऊ नये असं मागणं तिच्या जिभेवर येई, आणि ते मागायची तिला लाज वाटे.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी नागम्मा आपणहून ओसरीवर आली. भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड तिनं उचलली आणि विचारलं, “हे काय?” रतनबाईनं सांगितलं. नागम्मानं विचारलं, “हे?” त्या दिवसापासून ती सपाट्यानं शिकू लागली. वस्तू नव्हे, बोलणं. ‘का’ कसं म्हणायचं, ‘उद्या’ कसं, ‘मला वाटतं’ कसं. ती कशाची तयारी करतेय हे रतनबाईनं ओळखलं, आणि तिला हवं ते सगळं शिकवलं.

मार्गशीर्षात नागम्माचा नवरा तिम्मय्या आला. रोडका, मोठ्या हातांचा माणूस, पायांना भेगा पडलेल्या. वाटेत काम करत करत चालत आला होता. ओसरीची पायरी न चढता तो अंगणातच उकिडवा बसला. नागम्मा दारात आली, तसं त्यानं डोक्याचं फडकं काढून तोंडावर दाबलं आणि तसाच बसून राहिला. ती मेली असेल असं धरूनच तो निघाला होता.

रतनबाईनं त्याला पाणी दिलं. त्याचं खाणं झाल्यावर आनंदराव, मिसबाई आणि ती त्याच्यासमोर बसली. त्याला मराठी मोडकंतोडकं येई, या बोलण्याला ते पुरणार नव्हतं. दोन्ही भाषा कळणारं माणूस तिथं एकच होतं, आणि वादही त्याच माणसाचा होता. आनंदराव हळूच बायकोला म्हणाले, “ही सगळं खरं सांगेल का?” रतनबाई म्हणाली, “सांगेल.”

तिम्मय्या बोलला. नागम्मा खाली बघत सांगत गेली.

“म्हणत्यात, तापात टाकून गेलो. चुकलं. रातदिस डोळ्यांपुढं होतीस.”

तो पुन्हा बोलला, या वेळी अडखळत. नागम्मा म्हणाली, “ह्यांचा भाऊ कालव्यावर दरडीखाली मेला. त्याची बायको, पोरं आता ह्यांच्याच पालात. रीत हाय आमच्यात. तू बी चल म्हणत्यात. तुझी जागा मोडली न्हाई.”

तिम्मय्यानं ओसरीकडं, मग आनंदरावांच्या गळ्यातल्या क्रुसाकडं बघून काहीतरी विचारलं.

“विचारत्यात, तू ह्यांच्या देवाची झालीस का?”

आनंदराव म्हणाले, “नाही म्हणून सांग. आम्ही तिला तसं म्हटलंही नाही.” मग आपल्याशीच बोलल्यासारखं ते म्हणाले, “झाली असती तर मला आनंद होता.” नागम्मानं तेही नवऱ्याला सांगितलं असावं, कारण तो आनंदरावांकडं बघून किंचित हसला.

मग तिची पाळी आली. ती नवऱ्यापुढं बसली आणि त्यांच्या भाषेत बोलू लागली, सावकाश, मधूनमधून टेकाडाच्या बाजूला हात करत. रतनबाईला त्यातला एकच शब्द कळला. तो तिनं महिनोन्‌महिने ऐकला होता. तिच्या मनात आलं, आपण मधे पडून दोन शब्द बोलावेत, ही इथं सुखात आहे म्हणावं. पण ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली.

नागम्मा तिच्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, “मी न्हाई जात. तिला पोरं हाईत, तिनं ऱ्हावावं. मला वाटतं, ह्यांनी लई लांबून यायला नको हुतं. पर आले, बरं वाटलं.”

तिम्मय्या लगेच गेला नाही. फुकटचं खाणं त्याच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यानं विहिरीला उतरायला घडीव दगडांच्या पायऱ्या बसवायला घेतल्या. नागम्मा त्याला दगड हातात देई. दोघं कामाच्या नादात आपल्या भाषेत बोलत. एकदा दोघं टेकाडावरही जाऊन आली. पायऱ्या पुऱ्या झाल्यावर एका सकाळी तो निघाला. नागम्मा त्याला नीरा नदीपर्यंत सोडायला गेली. रतनबाईनं जाताना तिच्या हातात दोघांपुरत्या भाकऱ्या दिल्या, कारण ती परत येईलच असं तिला सांगता येत नव्हतं. ऊन कलल्यावर नागम्मा आली. डोळे सुजले होते. आल्या आल्या तिनं विझत आलेली चूल फुंकली.

पुढं काही वर्षांनी तिम्मय्या एकदा भावाच्या मोठ्या पोरीला घेऊन आला. ती पोर वसरीच्या शाळेत दोन पावसाळे राहिली आणि लिहा-वाचायला शिकून गेली. मिसबाई मराठी शिकून दुसऱ्या ठाण्यावर गेली. आनंदराव विषमज्वरानं वारले. त्यानंतर मिशननं नवा उपदेशक धाडला, पण घर चालवत होत्या त्या दोघीच. नागम्माचं मराठी चांगलं झालं तरी लिंगं तिला कधी साधली नाहीत, आणि तिच्या बोलण्यात नेहमी एक सावधपणा असे, पाण्यातून चालताना दगड चाचपावा तसा. रतनबाईला वाटे, हिचा स्वभावच मितभाषी आहे.

रतनबाईही बदलली होती. दारात आलेल्याला ती पाणी देई, भाकरी देई आणि उठून आपल्या कामाला लागे. माणसांचं ती विचारीत नसे. ज्याला सांगायचं असेल तो आपणच चुलीपाशी येऊन सांगे.

लढाईच्या दिवसांत वरंध्याच्या घाटरस्त्याची डागडुजी निघाली आणि हिर्डोशीच्या अलीकडं वडारांची पालं पडली. तिथली एक तरणी बाई तापानं फणफणलेली, सर्विस मोटारीतून वसरीत आणली गेली. घाबरून ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. नागम्मा तिच्याजवळ बसली आणि बोलू लागली. तिम्मय्याशी ती जे बोलली होती ते दुःखाचं बोलणं होतं. हे तसं नव्हतं. शब्द धो धो येत होते, आवाज चढत होता, हात नाचत होते. कुणाची तरी नक्कल करून दाखवली, बहुतेक मुकादमाची. आजारी पोर तापातही हसायला लागली, आणि नागम्मा तिच्यापेक्षा मोठ्यानं हसली.

रतनबाई दारात दुधाचं भांडं घेऊन उभी होती. एका चुलीवर इतकी वर्षं काढून ही बाई तिनं पाहिलीच नव्हती. नागम्मा बडबडी होती, फटकळ होती, लोकांना पोट धरून हसायला लावणारी होती. त्यातलं मराठीत जेवढं बसलं तेवढंच रतनबाईच्या वाट्याला आलं होतं. तिला वाईट वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला त्या तापलेल्या पोरीचा.

तिनं दूध खाली ठेवलं. “नागम्मा, तिला पाणी पी म्हणायचं तर काय म्हणू?”

“मी हाय की सांगायला.”

“तू आहेस. पण मला सांग.”

नागम्मानं तिच्याकडं नीट बघितलं. “ह्या वयात?” मग सांगितलं, “नीळ्ळु तागु.”

रतनबाईनं पेला भरला, त्या पोरीपुढं बसली आणि तसं म्हणाली. काहीतरी चुकलं असणार, कारण नागम्मानं तोंडाला पदर लावला. पण पोरीनं हात पुढं करून पेला घेतला.

त्यानंतर रतनबाई चारपाच वर्षं जगली. वडारांची भाषा तिला फार आली नाही, ओंजळभर शब्द आले. घाटाकडच्या पालांवर ती औषध घेऊन जाई तेव्हा पोरं तिच्या भोवती जमत आणि पुन्हा पुन्हा तोच पाण्याचा शब्द तिच्याकडून म्हणवून घेऊन खिदळत. ती नागम्माला विचारी, मी काय चुकीचं बोलले? नागम्मा सांगत नसे. “बोला तुमी,” ती म्हणे, “बरूबर बोलताय.”